माहितीसाठा व सादरीकरण यांचे विभाजन
वेब-प्रणालीच्या आज्ञावलीत माहिती साठविणारा भाग आणि तीच माहिती वापरणाऱ्यापुढे मांडणारा भाग परस्परांपासून अलग ठेवण्याची रचनापद्धती. संगणकाच्या पडद्यावर एखादे पान उमटते तेव्हा त्यामागे दोन भिन्न स्वरूपाची कामे झालेली असतात. डेटाबेसमधून हव्या त्या नोंदी काढणे, त्या परस्परांशी जुळविणे व त्यांची सत्यता सांभाळणे हे पहिले काम होय. त्या नोंदी कोणत्या क्रमाने, कोणत्या एककात, कोणत्या लिपीत व कशा मांडणीने दाखवावयाच्या हे ठरविणे हे दुसरे काम होय. या दुसऱ्या कामासाठीही निर्णय घ्यावे लागतात व अटी तपासाव्या लागतात. म्हणून त्यास सादरीकरणतर्क असे म्हणतात. पहिल्या कामाच्या सूचना व दुसऱ्या कामाच्या सूचना एकाच ठिकाणी मिसळू न देणे, हे या पद्धतीचे सूत्र आहे.

कागदी दप्तरात हा प्रश्न उद्‌भवत नसे; कारण तेथे नोंद व नोंदीचे दर्शन ही एकच वस्तू असते. तलाठ्याच्या दप्तरातील सातबारा उतारा हे याचे महाराष्ट्रातील सर्वपरिचित उदाहरण होय. गाव नमुना ७ हा अधिकार अभिलेख व गाव नमुना १२ ही पिकांची नोंदवही. हे दोन स्वतंत्र नमुने सोयीसाठी एका कागदावर आणले गेले व त्यांच्या क्रमांकांवरून त्या कागदास नाव मिळाले. गाव नमुना ८ अ मध्ये तीच जमीन खातेदाराच्या अंगाने नोंदलेली असते. गट क्रमांकावरून पाहिले तर सातबारा, खातेक्रमांकावरून पाहिले तर आठ अ. जमीन तीच, धारकही तोच. कागदावर मात्र ही माहिती दोन वह्यांत दोनदा लिहावी लागे. एकीत फेरफाराची नोंद घेतली गेली आणि दुसरीत राहिली, की खातेदारास कर्ज, वाटणी व विक्री या प्रत्येक वेळी कचेरीचे उंबरठे झिजवावे लागत. संगणकीय साठ्यात गट, खाते, धारक व क्षेत्र यांची नोंद एकदाच ठेवून सातबारा आणि आठ अ ही तिची दोन दर्शने मानता येतात. फेरफार मंजूर झाला की दोन्ही उताऱ्यांत तो आपोआप दिसतो. हा लाभ केवळ संगणक आणल्याने मिळत नाही. कागदी उताऱ्याचे चित्रच जसेच्या तसे संगणकात साठविले, तर जुनी विसंगतीही त्याबरोबर संगणकात शिरते.

अशा साठ्याची आणखी एक सोय एककांच्या बाबतीत दिसून येते. एखाद्या गटाचे क्षेत्र ८,०९४ चौ. मी. एवढ्या एकाच संख्येने साठविलेले असले, तर तेच ०.८०.९४ असे हेक्टर-आर-चौरस मीटरमध्ये दाखविता येते आणि शेतकऱ्याच्या तोंडी असलेल्या हिशेबाने २ एकर असेही दाखविता येते. राज्य शासनाने २०२० मध्ये सातबाराचा नमुना बदलला. गावाच्या नावासोबत गावाचा संकेतांक आला. शेतजमिनीचे क्षेत्र हेक्टर-आर-चौरस मीटरमध्ये व बिनशेतीचे आर-चौरस मीटरमध्ये दाखविण्याचे ठरले. कोणते एकक दाखवावयाचे हा निर्णय सादरीकरणतर्काचा आहे; त्यासाठी मूळ क्षेत्रास हात लावावा लागत नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःच्या मोबाइलवरून पिकाची माहिती नोंदवितो. म्हणजे पूर्वी तलाठ्याच्या लेखणीतून येणारी बाराव्या नमुन्यातील माहिती आता वेगळ्याच दाराने येते. माहिती येण्याचा व दिसण्याचा मार्ग बदलला तरी साठ्याचा सांगाडा टिकून राहावा, ही अशा प्रणालींची मूळ गरज आहे.

इतिहास : विभाजनाची कल्पना वेबच्या आधीची आहे. १९७० मध्ये आयबीएम या कंपनीतील ई. एफ. कॉड यांनी संबंधाधिष्ठित डेटाबेसची संकल्पना मांडली. माहिती यंत्रात प्रत्यक्ष कशी रचली आहे याची जाणीव ती वापरणाऱ्या आज्ञावलीस असण्याचे कारण नाही, असा त्यांचा आग्रह होता. १९७२ मध्ये डेव्हिड पार्नास यांनी आज्ञावलीचे भाग पाडताना कामाचा क्रम हा निकष न धरता, जो निर्णय पुढे बदलण्याचा संभव आहे तो एका भागात दडवून ठेवावा, असे प्रतिपादन केले. अमेरिकेतील मानक संस्थेच्या एका अभ्यासगटाने १९७५ मध्ये डेटाबेसचे बाह्य, संकल्पनात्मक व अंतर्गत असे तीन स्तर कल्पिले. नॉर्वेचे ट्रिग्वे रेनस्काउग हे १९७८-७९ मध्ये कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात पाहुणे संशोधक म्हणून होते. तेथे त्यांनी प्रतिमान, दर्शन व नियंत्रक अशी त्रिविध रचना सिद्ध केली. इंग्रजी आद्याक्षरांवरून ती एमव्हीसी या नावाने रूढ आहे. वस्तूविषयीचे ज्ञान प्रतिमानात, तिचे दृश्य रूप दर्शनात आणि वापरणाऱ्याच्या आज्ञा स्वीकारण्याचे काम नियंत्रकाकडे, अशी ही वाटणी आहे. एका प्रतिमानाची अनेक दर्शने असू शकतात, पण प्रतिमानास कोणत्याही विशिष्ट दर्शनाची माहिती नसावी, हे तिचे मर्म होय.

वेबचा प्रसार १९९० नंतरच्या दशकात झाला, तेव्हा या विचाराचा काही काळ विसर पडल्यासारखी स्थिती होती. त्याचे कारण सोयीत आहे. १९९५ मध्ये रास्मुस लेरडोर्फ यांनी प्रसिद्ध केलेली पीएचपी व त्यानंतर आलेली एएसपी यांसारख्या साधनांत एचटीएमएलच्या पानातच आज्ञा लिहिता येत. एकाच फाईलमध्ये वरती डेटाबेसशी जोडणी, खाली पृच्छा, तिच्याखाली तक्त्याच्या खुणा आणि प्रत्येक ओळीत मध्येच एखादी अट असे पान तासाभरात उभे राही. लहान कार्यालयाच्या सूचनाफलकास ते पुरेसेही होते. त्या काळाच्या प्रोग्रामरांस दोष देण्यात अर्थ नाही. अडचण नंतर येते. डेटाबेसमधील एका स्तंभाचे नाव बदलले की चाळीस पाने शोधून दुरुस्त करावी लागतात. रंग बदलावयास बसलेल्या माणसाकडून पृच्छेतील एखादा स्वल्पविराम हरवतो व पान बंद पडते. तोच हिशेब तीन पानांत तीनदा लिहिलेला असल्याने तीन उत्तरे मिळू लागतात. २००० मध्ये जावा भाषेसाठी स्ट्रट्स, २००४ मध्ये रुबी ऑन रेल्स व २००५ मध्ये जँगो हे आराखडे पुढे आले आणि त्यांनी रेनस्काउग यांच्या त्रयीचे वेबला मानवणारे रूप प्रचारात आणले. जँगोचा जन्म अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत झाला. बातमी एकदाच साठवून ती अनेक पानांवर अनेक रीतींनी मांडण्याची निकड वृत्तपत्राइतकी क्वचितच कोणास असते.

कोणता निर्णय कोठे ठेवावा, याविषयी नवशिक्यांत नेहमी घोटाळा होतो. पान म्हणजे केवळ मुके चित्र असावे, त्यात एकही अट नसावी, असा अतिरेकी अर्थ काही जण लावतात. तो बरोबर नाही. एक नोंद असेल तर ‘नोंद’ व अनेक असतील तर ‘नोंदी’ असे छापणे, काहीच न सापडल्यास तसे सांगणे, ३७०१२८२ ही साठ्यातील संख्या ३७,०१,२८२ अशी लाख-हजारांच्या स्वल्पविरामांनी दाखविणे, या सर्वांत तर्क आहे. पण तो सादरीकरणाचाच आहे. उलट, एखादा खातेदार अमुक योजनेस पात्र आहे की नाही हे पानावर ठरविणे गैर होय. येथे एक साधी कसोटी लावून पाहता येते. तीच माहिती पडद्याऐवजी दूरध्वनीवर कोणी वाचून दाखविणार असेल, तरीही तो निर्णय घ्यावा लागेल काय? लागत असेल तर त्याची जागा पानात नाही. पात्रतेचा निर्णय दूरध्वनीवरही लागतो. ओळींचे रंग आलटून-पालटून देण्याचा लागत नाही.

नामांतराचे उदाहरण : मराठवाड्यातील छत्रपती संभाजीनगर या शहराच्या नामांतराने या विषयाची एक मोठी सार्वजनिक कसोटी उभी केली. मलिक अंबरने १६१० मध्ये वसविलेल्या खडकी या गावास पुढे फतेहनगर व नंतर औरंगाबाद अशी नावे मिळाली. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने शहराच्या नामांतरास संमती दिली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये महसुली विभाग, जिल्हा, उपविभाग, तालुका व गाव यांच्या नावांविषयी राज्य शासनाची अधिसूचना निघाली. रेल्वे स्थानकाचे नाव ऑक्टोबर २०२५ मध्ये बदलले. मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाच्या नावात मात्र शहराच्या नामांतरानंतरही औरंगाबाद हा शब्द राहिला. म्हणजे एकाच शब्दाने ओळखले जाणारे शहर, तालुका, जिल्हा, महसुली विभाग, रेल्वे स्थानक व खंडपीठ ही साठ्याच्या दृष्टीने भिन्न वस्तू आहेत आणि त्यांची नावे एकाच दिवशी बदललेली नाहीत.

ज्या प्रणालीत गावाचे नाव प्रत्येक नोंदीत अक्षरशः लिहून ठेवलेले असते, तेथे अशा वेळी ‘शोधा व बदला’ ही आज्ञा चालविण्याचा मोह होतो. तिचे परिणाम सहज सांगता येतात. बिहारमध्येही औरंगाबाद नावाचा जिल्हा आहे. तो १९७३ मध्ये गया जिल्ह्यातून वेगळा काढण्यात आला. सरसकट बदल केल्यास तेथील रहिवाशाचा पत्ता मराठवाड्यात येऊन पडेल. १९७२ सालच्या दस्तऐवजावरील नावही बदलेल आणि मूळ कागदाशी त्याचा मेळ बसणार नाही. काही नोंदी ‘औरंगाबाद’, काही ‘संभाजीनगर’, काही ‘छत्रपती संभाजीनगर’ व काही संक्षेपाने ‘छ. संभाजीनगर’ अशा राहिल्या, तर एकाच जिल्ह्याची चार जिल्ह्यांत विभागणी झाल्यासारखी बेरीज येईल. ज्या विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेवर एक नाव व दाखल्यावर दुसरे नाव आहे, त्याचा अर्ज यंत्र नाकारते आणि तेथे समजूत घालण्यास समोर माणूसही नसतो.

विभाजन केलेल्या रचनेत नोंदीबरोबर नाव साठविले जात नाही, तर स्थानाचा संकेतांक साठविला जातो. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्याचा संकेतांक ५१५ होता. त्या आकड्यास स्वतःचा काही अर्थ नाही आणि तोच त्याचा गुण आहे. ज्याला अर्थ नाही ते नाव बदलल्याने खोटे ठरत नाही. याउलट नावावरून बनविलेले संकेत नावाबरोबर डळमळतात. रेल्वे स्थानकाचा एडब्ल्यूबी हा जुना संकेत स्थानकाच्या नामांतरासमवेत सीपीएसएन असा झाला. विमानतळाचे आयएक्सयू हे चिन्ह नावाशी बांधलेले नसल्यामुळे त्यास नामांतराची झळ लागली नाही. संकेतांक व नाव यांची जोड एका स्वतंत्र तक्त्यात असते आणि त्यात प्रत्येक नावापुढे ते कोणत्या दिनांकापासून कोणत्या दिनांकापर्यंत लागू आहे हेही नोंदविलेले असते. नामांतराच्या दिवशी या तक्त्यात एक ओळ वाढते. लाखो नोंदी आहेत तशाच राहतात. चालू पत्ता छापताना आजचे नाव घ्यावे व जुन्या दस्ताची प्रत देताना त्या दस्ताच्या दिनांकाचे नाव घ्यावे, हा निर्णय मग एका ठिकाणी, एकदाच लिहिता येतो. धाराशिव व अहिल्यानगर या जिल्ह्यांच्या नामांतरासही हीच रीत लागू पडते.

या जिल्ह्याच्या हस्तव्यवसायातही अशा विभाजनाचे एक जुने रूप आढळते. हिमरू विणण्याच्या पारंपरिक पद्धतीत नक्षी दोऱ्यांच्या जाळ्यात अगोदर बांधून ठेवीत व ताणाबाणा मागावर वेगळा चढवीत. बाण्याचे रंग बदलले की त्याच नक्षीचे वेगळे वस्त्र उतरे. साम्य फार ताणण्यात अर्थ नाही. तरीही न बदलणारे एकीकडे आणि बदलणारे दुसरीकडे ही वाटणी कारागिराच्या अंगवळणी पडलेली होती.

सीमेवरील राखण : साठा व सादरीकरण अलग केले की त्यांच्यामध्ये सीमा तयार होते आणि सुरक्षिततेची राखण त्या सीमेवरच करावी लागते. डी’सोझा हे आडनाव इंग्रजी लिपीत लिहिताना मध्ये एक अवतरणखूण येते. पृच्छेची भाषा असलेल्या एसक्यूएलमध्ये तीच खूण मजकूर संपल्याची निशाणी आहे. वापरणाऱ्याने दिलेला मजकूर पृच्छेत थेट चिकटविणाऱ्या प्रणालीत असे आडनाव भरताच पृच्छा मोडते. आणि दुष्ट हेतूचा माणूस त्याच फटीतून स्वतःची आज्ञा आत सरकवू शकतो. यावर उपाय म्हणून पृच्छेचा सांगाडा अगोदर पाठवितात व मजकूर मूल्य म्हणून वेगळा देतात. हे काम साठ्याच्या बाजूचे आहे. एचटीएमएलमध्ये विशेष अर्थ असणाऱ्या खुणा निष्प्रभ करणे हे काम मात्र सादरीकरणाच्या बाजूचे होय आणि ते पान रचतानाच करावे लागते. काही जण मजकूर साठवितानाच त्या खुणा बदलून ठेवतात. मग तोच मजकूर मोबाइलच्या संदेशात किंवा छापील पत्रात गेला की नावाच्या मध्येच चित्रविचित्र अक्षरे दिसू लागतात. साठ्यात मजकूर मूळ रूपात असावा आणि बंदोबस्त दाराशी असावा, हीच रीत योग्य ठरली आहे.

विभाजनास मर्यादाही आहेत. पाच पानांच्या संकेतस्थळासाठी सहा स्तर रचल्यास साधे काम अवघड होते. दुसरी अडचण अशी की, पान रचणाऱ्यास साठ्याची जाणीव नसल्यामुळे त्याच्याकडून अजाणता अपव्यय होतो. हजार गावांची यादी छापताना प्रत्येक गावाच्या तालुक्याचे नाव स्वतंत्रपणे मागविले गेले, तर एका पृच्छेऐवजी १,००१ पृच्छा होतात. पान बरोबर दिसते, पण ते उमटण्यास वेळ लागतो आणि त्याचे कारण पानाकडे पाहून कळत नाही. लागणारी सर्व माहिती पानाच्या हाती देण्यापूर्वीच गोळा करणे हा त्यावरचा उपाय होय. तसेच भाषा वेगळ्या म्हणजे कामे वेगळी, असेही नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रिअॅक्ट या साधनात पानाच्या खुणा व आज्ञा एकत्र लिहितात. त्यावर आरंभी पुष्कळ टीका झाली, परंतु तेथे एकत्र येतात ते सादरीकरणाचेच दोन घटक. साठा दूर सर्व्हरवरच राहतो.

देवनागरी मजकूर : मराठीच्या बाबतीत साठा व सादरीकरण यांची गल्लत पानाच्याही खाली, थेट अक्षरापर्यंत पोहोचली होती. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी मजकूर बहुधा विशिष्ट टंकाच्या चिन्हक्रमांकांत साठविला जाई. तेथे संगणकाजवळ अक्षर नसे. अक्षराच्या आकाराचा तुकडा असे. ‘कि’ लिहिताना वेलांटी डोळ्यांना अगोदर दिसते म्हणून साठ्यातही ती अगोदर येई. ‘वर्ष’ या शब्दात रफार ‘ष’ नंतर साठविला जाई. तो टंक नसलेल्या संगणकावर तोच मजकूर निरर्थक इंग्रजी अक्षरांची रांग होऊन दिसे. अकारविल्हे क्रम लावता येत नसे आणि शोध घेतल्यास शब्द सापडत नसे. भारतीय मानक आयएस १३१९४ : १९९१, म्हणजे इस्की, याने अक्षराचा संकेत व त्याचा आकार वेगळे केले. युनिकोडच्या देवनागरी विभागाची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवर आधारलेली आहे. या व्यवस्थेत ‘कि’ म्हणजे आधी क, मग इकार. ‘वर्ष’ म्हणजे व, र, हलन्त, ष. उच्चाराचा क्रम तोच साठ्याचा क्रम, आणि वेलांटी डावीकडे नेणे किंवा रफार शिरोरेषेवर चढविणे हे दाखविणाऱ्या यंत्रणेचे काम.

यामुळे एक सूक्ष्म गोष्टही साधता आली. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासननिर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त ल व देठयुक्त श हे आकार ठरविले. हिंदीत त्यांचे रूप वेगळे आहे. अक्षरांचे संकेत दोन्ही भाषांत एकच आहेत. पानावर ‘हा मजकूर मराठी आहे’ एवढी खूण केलेली असली आणि टंकात तशी सोय असली, तर त्याच साठ्यातून मराठी वळणाचे अक्षर उमटते. जुन्या टंकांत अडकलेला मजकूर युनिकोडमध्ये आणण्यासाठी मात्र प्रत्येक टंकाकरिता स्वतंत्र रूपांतरक लागतो. आणि कोणता मजकूर कोणत्या टंकात लिहिला आहे याची नोंद पुष्कळदा मजकुराबरोबर ठेवलेली नसल्यामुळे, रूपांतर करणाऱ्यास आधी एखादा ओळखीचा शब्द वाचून टंक ओळखावा लागतो.